गुण्यात नसलेली खोली आणि पंचवीस फुटांचा कर्ण

आमच्या जुन्या खोलीत लांब भिंतीच्या कडेला लादीची एक पाचर आहे. दाराजवळ ती ४ इंच रुंद आहे, आणि भिंतीच्या कडेकडेने १६ फूट पुढे कोपऱ्यात पोचेपर्यंत दीड इंचावर येते. समोरच्या भिंतीलाही तशीच पाचर आहे, पण ती कपाटाखाली दडलीय. पाहुण्यांच्या लक्षात येत नाही. मला मात्र खोलीत शिरलं की आधी तीच दिसायची, आणि लादी बसवणाऱ्याला मी बरीच वर्षं मनातल्या मनात बोल लावत होते.

मागच्या बाजूला नवी खोली बांधायचं ठरलं, तेव्हा एका दुपारी टेप घेऊन मी जुन्या खोलीत खालीच बसले. चारही भिंती मोजल्या. १२ आणि १६ फूट, समोरासमोरच्या अगदी सारख्या. मग कपाट पुढे ओढून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकं मोजलं. पायथागोरसचं प्रमेय सांगतं की काटकोन त्रिकोणात दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज कर्णाच्या वर्गाएवढी असते. १४४ आणि २५६ मिळून ४००, म्हणजे दोन्ही कर्ण २० फूट यायला हवेत. एक आला २० फूट दीड इंच. दुसरा १९ फूट साडेदहा इंच. खोली आयत नव्हतीच. चारही भिंतींची लांबी बरोबर असूनही ती एका अंगाला कलली होती.

किती कलली होती, तेही प्रमेयच सांगतं. लांब भिंतीचं दुसरं टोक जेवढं सरकलं तेवढा एका कर्णाचा पाया १२ फुटांपेक्षा वाढतो, आणि दुसऱ्याचा तेवढाच घटतो. दोन्ही कर्णांना प्रमेय लावून वजाबाकी केली की कर्णांतला फरक या सरकण्याच्या १.२ पट येतो. फरक ३ इंच, म्हणजे सरक अडीच इंच. आणि ४ मधून दीड गेला की उरतात तेच अडीच. लादीवाल्याने आखूड भिंत धरून लाद्या काटकोनात सरळ नेल्या होत्या. त्याच्या हातून काहीही चुकलं नव्हतं. चूक त्याच्या किती तरी आधी, पाया आखला त्या सकाळी झाली होती. इतकी वर्षं एका माणसाला उगाच दोष दिला याचं मला त्या दुपारी फार वाईट वाटलं.

म्हणून नव्या खोलीच्या आखणीला मी स्वतः उभी राहिले. मोजमापावर माझा जीव आहेच, पण या वेळी मला ती अडीच इंचांची गोष्ट पुन्हा होऊ द्यायची नव्हती.

शाळेत हे प्रमेय आपण एकाच दिशेने घोकतो. काटकोन त्रिकोण दिलेला असतो, दोन बाजू दिलेल्या असतात, तिसरी काढायची. मोकळ्या जमिनीवर काटकोन दिलेला नसतो, तोच तर हवा असतो. तिथे कामाला येतो तो प्रमेयाचा व्यत्यास: दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज तिसरीच्या वर्गाएवढी असेल, तर त्या दोन बाजूंमधला कोन काटकोनच असतो. प्राचीन ग्रीक गणिती युक्लिडने आपल्या भूमितीच्या ग्रंथातल्या पहिल्या पुस्तकात ४७ वं विधान प्रमेयाचं ठेवलं आणि लगेच ४८ वं व्यत्यासाचं. पहिलं सगळ्यांना पाठ असतं. गवंड्याचं पोट मात्र दुसऱ्यावर चालतं.

आमच्या मिस्त्रींना व्यत्यास हा शब्द माहीत नव्हता, पण काम पक्कं माहीत होतं. त्यांनी पहिली लाईनदोरी जुन्या भिंतीला समांतर ताणली, कोपऱ्याची खुंटी ठोकली, खुंटीच्या डोक्यावर खिळा मारला. मग त्या दोरीवर ३ फुटांवर खूण, दुसरी दोरी अंदाजाने आडवी धरून तिच्यावर ४ फुटांवर खूण, आणि दोन खुणांमध्ये टेप. दुसरी दोरी हळूहळू सरकवत त्यांनी टेपवर बरोबर ५ फूट आणले आणि म्हणाले, "ताई, आली गुण्यात." गुण्यात म्हणजे काटकोनात.

"मिस्त्री, हाच त्रिकोण मोठा घेऊ या का?"

"कशाला? तीन-चार-पाच म्हणजे तीन-चार-पाच. लहान काय नि मोठा काय."

कागदावर त्यांचं खरं आहे. ३-४-५ असो, ६-८-१० असो की १२-१६-२०, कोन तोच. पण कागदावर टेप सरकत नाही, खिळ्याला जाडी नसते आणि दोरीवरची खडूची खूण एक सूत रुंद नसते. मी आदल्या रात्री याचा हिशेब करून ठेवला होता. ३-४-५ च्या त्रिकोणात ५ फुटांच्या मापात एका सुताची, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाची चूक झाली, तर ती भिंत २० फुटांवर जाऊन जवळपास १ इंच सरकते. तीच एका सुताची चूक १२-१६-२० च्या त्रिकोणात झाली, तर २० फुटांवर फक्त २ सूत. त्रिकोण चौपट मोठा, तर चूक एक चतुर्थांश. हाताची चूक दोन्हीकडे सारखीच असते. फरक पडतो तो आपण तिला पुढे किती लांब ताणतो याचा.

मिस्त्रींनी ऐकून घेतलं. काही बोलले नाहीत, पण आपल्या पिशवीतला लोखंडी गुण्या, म्हणजे गवंड्याची काटकोनी पट्टी, काढून त्याच्याकडे बघितलं. हातभर लांबीचा. कोपऱ्यातल्या विटा लावायला तो उत्तम. २० फूट लांबीच्या भिंतीची दिशा त्यावरून ठरवायची म्हणजे हातभर पट्टीने दूरवर नेम धरण्यासारखं आहे. मला वाटतं, जुन्या खोलीचं तेच झालं असावं.

नवी खोली २० बाय १५ ची ठरवली होती, आणि हे माप मी मुद्दाम धरलं होतं. १५-२०-२५ हा ३-४-५ चाच पाचपट त्रिकोण. म्हणजे खोलीचा कर्ण नेमका २५ फूट येतो, त्यात अपूर्णांक नाहीत, आणि अख्खी खोलीच आपला गुण्या होते. ४ इंच इकडेतिकडे करून असं माप मिळत असेल तर ते जरूर घ्यावं, आखणीच्या दिवशी डोकं शांत राहतं.

टेप धरायला पुतणी आली होती. हे प्रमेय ती नुकतंच शिकली होती. आम्ही दोन टेप घेतले. एकाचं टोक पहिल्या कोपऱ्याच्या खिळ्यात अडकवलं आणि १५ फुटांवर मी धरला. दुसऱ्याचं टोक २० फुटांवरच्या खुंटीच्या खिळ्यात, आणि तो २५ फुटांवर तिने धरला. दोघी आपापला टेप ताणून कमान फिरवत एकमेकींकडे सरकत गेलो. दोन्ही खुणा जिथे एकमेकींवर आल्या तिथे मिस्त्रींनी तिसरी खुंटी ठोकली. तिच्या वहीतल्या कंपासच्या दोन कमानी अंगणात उतरल्या होत्या. ती ओरडली, "आत्या, हा छेदनबिंदू!" आणि बराच वेळ त्या खुंटीकडेच बघत राहिली.

मला हे असं दोरीनं काटकोन काढणं फार आवडतं, त्याला कारण आहे. यज्ञवेदी आखायचे नियम सांगणारे आपले प्राचीन ग्रंथ म्हणजे शुल्बसूत्रं, आणि त्यातल्या शुल्ब शब्दाचा अर्थच दोरी. त्यांतल्या एका सूत्राचा कर्ता बौधायन, त्याने हे प्रमेय त्रिकोणाबद्दल सांगितलेलं नाही, आयताबद्दल सांगितलंय: आयताच्या दोन बाजू वेगवेगळ्या जी क्षेत्रं करतात, ती दोन्ही मिळून कर्णाची दोरी करते. आणि पाठोपाठ ३ व ४, १२ व ५, १५ व ८, ७ व २४, १२ व ३५, १५ व ३६ अशा जोड्या दिल्यात. दुसरा सूत्रकार आपस्तंब, त्याच्याकडे महावेदी, म्हणजे यज्ञाची मोठी वेदी, आखायची रीत आहे, तीही एकाच दोरीची. ३६ मापांच्या दोरीत १८ वाढवून ५४ करायची, आणि एका टोकापासून १५ वर खूण करायची. दोरीची टोकं ३६ मापं अंतरावरच्या दोन खुंट्यांना बांधायची आणि खूण धरून दोरी बाजूला ताणायची. ३६, १५ आणि ३९ चा त्रिकोण होतो, आणि १५ वाली बाजू काटकोनात येते. बाबिलोनच्या लोकांनी तर याच्याही पुष्कळ आधी मातीच्या पाटीवर अशा संख्यांच्या १५ ओळी कोरून ठेवल्यात. ती पाटी आज प्लिम्प्टन ३२२ या नावाने कोलंबिया विद्यापीठात आहे. ती कशासाठी लिहिली यावर वाद आहेत. पण दोरी ताणून आखणाऱ्यांना या संख्या कशासाठी हव्या होत्या, हे त्या दिवशी अंगणात उभं राहून मला नीट कळलं.

चौथी खुंटी त्याच पद्धतीने बसली. आता तपासणी. पुतणी म्हणाली, दुसरा कर्ण २५ आला की झालं. नाही झालं. दोन कर्ण सारखे असणारा प्रत्येक चौकोन आयत नसतो. समोरासमोरच्या दोन भिंती लहानमोठ्या असल्या आणि उरलेल्या दोन सारख्याच कलत्या असल्या, तरी कर्ण सारखेच येतात. म्हणून आधी समोरासमोरच्या बाजू सारख्या आहेत का ते बघायचं, मग कर्ण. माझ्या जुन्या खोलीत बाजू बरोबर होत्या नि कर्ण चुकले होते, कुणाच्या खोलीत उलटंही असेल. दोन्ही मापं हवीतच.

बाजू आल्या. एक कर्ण २५. दुसरा कर्ण जवळजवळ १ इंच जास्त. पोटात गोळा आला. मग दिसलं की या वेळी टेप मधल्या विटांच्या ढिगाला वळसा घालून गेला होता, मध्यावर फूटभर बाहेर. ढीग हलवला आणि कर्ण २५ वर आला. हा हिशेब मी नंतर पुन्हा करून पाहिला, कारण विश्वास बसत नव्हता. २५ फुटांच्या टेपला मध्यावर १ फुटाचा बाक आला, तर मापात इंचाला जेमतेम कमी एवढीच वाढ होते. आणि बाक १ इंचाचाच असेल तर वाढ इतकी बारीक की टेपवर दिसणारही नाही. वर्गांचा हा स्वभाव आहे. लहान चूक ते पोटात घालतात, मोठी झाली की एकदम दाखवतात.

याच स्वभावामुळे आम्ही आणखी एका जागी फसणार होतो, आणि तिथे कर्णांनीही सांगितलं नसतं. आमची मागची जागा उताराची आहे. २० फुटांच्या दिशेने जमीन २ फूट खाली जाते. आम्ही टेप जमिनीला धरून मोजत होतो. उतारावरचे २० फूट म्हणजे त्रिकोणाचा कर्ण झाला, खोलीला हवा असतो तो आडवा पाया. ४०० मधून ४ वजा केले की ३९६, त्याचं वर्गमूळ १९.९. म्हणजे खोली सव्वा इंचाने आखूड. आणि गंमत अशी की १५ फुटांची बाजू सपाटीवर असल्याने दोन्ही बाजू सारख्याच आखूड होतात, दोन्ही कर्णही सारखेच येतात, सगळ्या तपासण्या पास. उतार फक्त ६ इंचांचा असता तर फरक एका सुताहूनही कमी पडला असता आणि मी त्याकडे बघितलंही नसतं. २ फुटांना मात्र सोडून चालणार नव्हतं.

हे ध्यानात आलं ते मिस्त्रींच्या. खालच्या खुंटीपाशी उभे राहून त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, "ताई, आपण डोंगर मोजतोय. खोली नाही." मग लेव्हलची नळी निघाली. पाणी भरून दोन टोकांची पातळी जुळवली, खालच्या बाजूला उंच खुंट्या ठोकल्या, टेप आडवा ताणला आणि त्याच्या खुणेपासून ओळंबा खाली सोडला. सगळी आखणी पुन्हा केली. अर्धा दिवस गेला. एकदाही मला तो वाया गेला असं वाटलं नाही. दुपारी फक्की, म्हणजे आखणीच्या रेषांवरची पांढरी भुकटी, पडली तेव्हा दोन्ही कर्ण २५ फुटांच्या आत-बाहेर एका सुताएवढे होते.

वऱ्हांड्याच्या वेळी चूक माझी झाली, आणि ती सांगायलाच हवी, कारण फोनवर वर्गमूळ काढणारा कुणीही ती करू शकतो. वऱ्हांडा १० बाय ८. १०० आणि ६४ मिळून १६४, वर्गमूळ १२.८०६. मी घाईत म्हणून गेले, "बारा फूट आठ इंच." मिस्त्री टेप ताणायला लागले. दोरी ओढून ओढून १२ फूट ८ वर आणली, तर वऱ्हांडा डोळ्यांनाच आत कललेला दिसायला लागला. फुटाचे दहा भाग नसतात, बारा इंच असतात. ०.८०६ फूट म्हणजे ९.६७ इंच. खरा कर्ण १२ फूट ९ इंच ५ सूत. माझ्या पावणेदोन इंचांच्या चुकीने १० फुटांत अडीच इंचांहून जास्त कल आला असता, म्हणजे पुन्हा तीच जुनी पाचर. तेव्हापासून मी आधी सगळ्याचे इंच करते: १२० आणि ९६, उत्तर १५३.६७. मग त्याचे फूट करते.

शिडीचं गणित पुस्तकात नेहमी असतं: १३ फुटांची शिडी, भिंतीपासून ५ फूट, किती उंच पोचेल? १२ फूट. उत्तर छान येतं, पण अशा शिडीवर चढू नये. उंचीच्या चौथ्या हिश्शाएवढंच अंतर पायथ्याशी ठेवायचं असतं. म्हणजे १२ फुटांना ३ फूट. ५ फूट बाहेर ठेवलेल्या शिडीचा पाय घसरू शकतो. रंगाच्या वेळी मी हे प्रत्येकाला सांगितलं.

खोली उभी राहिल्यावर कपाटाचा विषय आला. छत ९८ इंचांवर, कपाट ९६ इंच उंच आणि २४ इंच खोल. सुतार म्हणाला, २ इंच मोकळे आहेत, खाली आडवं पाडून ठोकतो आणि उभं करतो. मी त्याला थांबवलं. आडवं कपाट उभं करताना ते आपल्या मागच्या खालच्या कडेवर फिरतं, आणि फिरताना त्याची सर्वांत मोठी उंची बाजूच्या फळीची नसते, त्या फळीच्या कर्णाची असते. ९६ चा वर्ग ९२१६, २४ चा ५७६, बेरीज ९७९२, वर्गमूळ जवळपास ९९ इंच. म्हणजे छताला १ इंच कमी पडत होता. तयार कपाट तिरपं अडकलं असतं, ना उभं ना आडवं. सुताराने डोकं खाजवलं, फळी भिंतीला टेकवून तिचा कर्ण स्वतः मोजला आणि मग तोडही त्यानेच काढली. खालचा ४ इंचांचा चौथरा वेगळा करायचा. ९२ इंचांच्या कपाटाचा कर्ण ९५ च्या किंचित पुढे. ते आरामात उभं राहिलं, मग उचलून चौथऱ्यावर सरकवलं. आता वर २ इंच आहेत, ठरल्याप्रमाणे.

लाद्या सगळ्यांत शेवटी बसल्या. लादी बसवायला मी तोच जुना माणूस बोलावला. त्याला जुनी गोष्ट सांगितली नाही, फक्त म्हटलं की भिंतींकडे तुम्हीच एकदा बघून घ्या. त्याने दोरी मारली, ओळ धरली आणि कामाला लागला. तिसऱ्या दिवशी लांब भिंतीशी कापाच्या लाद्यांची ओळ आली. तो कापायच्या आधी मी टेप घेऊन बसले. दाराजवळ साडेसहा इंच. कोपऱ्यात साडेसहाला एक सूत कमी.

मिस्त्री मागे येऊन उभे होते. वाकून त्यांनी टेप वाचला, भिंतीवरून तळहात फिरवला आणि म्हणाले, "ते सूत प्लास्टरचं आहे, ताई. आखणीचं नाही."